पुन्हा घ्याल का

मुकेश लालवाणी फोनवर भरभरून बोलत होता आणि श्यामकांत गुप्ते एकेक प्रश्न विचारत पुढे सरकत होते. ऑडिटर वेळेवर येतात का, येतात. स्वतः येतात की हाताखालच्यांना पाठवतात, स्वतः येतात आणि जेवायचा आग्रह केला तरी डबा स्वतःचाच उघडतात. मध्येच काही अडलं तर फोन उचलतात का, तर उचलतात. आता एकच प्रश्न उरला होता. श्यामकांतांनी घसा साफ केला, 'बरं मुकेशभाई, समजा,' एवढं म्हणाले, आणि पुढचं वाक्य तोंडातून निघेना. शब्द पाठ होते. सकाळी दाढी करताना दोनदा म्हणून पाहिले होते. पलीकडून मुकेश हॅलो हॅलो करत राहिला. श्यामकांतांनी फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे बघितलं आणि बंद करून टाकला. मग ते बराच वेळ गॅलरीत उभे राहिले. खाली सोसायटीचा माळी पाइप लावून रस्ताच धूत होता.

तसं काम साधं होतं. अंबरनाथ पश्चिमेला एक ट्रस्ट डायलिसिस सेंटर चालवतो. श्यामकांत त्याचे विश्वस्त. ट्रस्टचे जुने ऑडिटर डोळ्यांनी अधू झाले, त्यांनी स्वतःच हात जोडले, आणि नवी फर्म शोधायची वेळ आली. ट्रस्टचा सेक्रेटरी उन्मेष म्हणजे श्यामकांतांच्याच बिल्डिंगमधला तरुण, त्याने उल्हासनगरच्या दिपेश मखिजाचं नाव आणलं. मखिजाने दोन ठिकाणची नावं दिली, इथे विचारा म्हणून. एक उल्हासनगरची धर्मशाळा, तिचे व्यवहार बघणारा हा मुकेश. दुसरं बदलापूरला शिरगावातलं मुलींचं वसतिगृह. सेंटरच्या दुपारच्या पाळीचा खर्च उचलणाऱ्या कंपनीने कळवलं होतं की नवा ऑडिटर कोण ते ठरल्याशिवाय पुढच्या वर्षाचं बोलणार नाही. दुपारची पाळी बंद पडली तर तिच्यातल्या लोकांनी जायचं कुठे? म्हणून रविवारच्या मीटिंगपूर्वी दोन्हीकडे चौकशी करून सांगा, असं उन्मेषने श्यामकांतांना विनवलं. 'काका, तुमचं आयुष्य परचेसमध्ये गेलं. तुम्हाला माणूस कळतो,' असंही तो म्हणाला. ते खरं होतं. मोरिवलीजवळच्या केमिकल कंपनीत श्यामकांत परचेस ऑफिसर होते. माल देणाऱ्याने दिलेल्या नावांना ते कधी विचारत नसत. त्याच्या गेटसमोरच्या टपरीवर चहा पीत बसत, आत किती ट्रक जातात आणि परत किती येतात ते बघत. पण ऑडिटरच्या गेटवर बसून काय बघणार? तेव्हा त्यांनी मुलीला फोन केला. प्राची पुण्याला एका मोठ्या कंपनीत असंच चौकशीचं काहीतरी काम करते. ती म्हणाली, "बाबा, बाकीचे प्रश्न शोभेचे. एकच विचारा. पुन्हा नव्याने निवड करायची झाली तर यांनाच घ्याल का? मग गप्प बसा."

तिने ते सहज सांगितलं. ती तिकडे बोलत राहिली, जेवलात का, गोळ्या घेतल्या का, आणि श्यामकांत हो हो म्हणत राहिले. पण तो प्रश्न कानातून खाली उतरून पोटात जाऊन बसला. दोन दिवस तो तिथेच होता. ऑडिटरशी त्याचा काही संबंध राहिला नव्हता.

त्यांची बायको मालिनी गेली त्याला वर्ष होत आलं होतं. त्या वेळी माणसं आली, बसली, चहा न घेता गेली, आणि जाताना जवळजवळ प्रत्येकाने एकच शब्द वापरला. सुटल्या. सुटल्या बिचाऱ्या. इतकी वर्षं आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेणारी बाई सुटली, असंच त्यांना म्हणायचं असणार. कोणाच्याही मनात वाकडं काही नव्हतं. पण बारा-तेरा दिवस तोच शब्द ऐकल्यावर श्यामकांतांना वाटायला लागलं, ही कशातून सुटली म्हणतायत? मशीनमधून ना? घरातून? की माझ्यातून? हा विचार आला तेव्हा ते भिंतीकडे बघत बसले होते, आणि समोरचा माणूस नातेवाइकाच्या किडनीबद्दल बोलत होता.

त्यांच्या लग्नाच्या वेळीही चौकशी झाली होती. मालिनीचे काका पेणहून मुद्दाम अंबरनाथला आले होते. मुलगा नोकरीला आहे का, खरंच ऑफिसात बसतो का, पितो का, कोणाच्या अंगावर ओरडतो का, असं सगळं त्यांनी कंपनीत विचारलं. हजेरी मांडणाऱ्या टाइम ऑफिसवाल्याने सांगितलं, सालस मुलगा आहे. घरमालकांनीही सालस म्हटलं. दुधाच्या केंद्रावरच्या बाईनेसुद्धा सालसच सांगितलं. काकांनी पेणला जाऊन तसंच कळवलं. पुढे संसारात काही बिनसलं की मालिनी ती गोष्ट काढायची. "तुमच्याबद्दल एकानेही वाईट सांगितलं नाही हो," ती म्हणायची. "तेव्हाच आम्हाला संशय यायला हवा होता." श्यामकांत हसायचे. प्राची लहान असताना ती पण हसायची, काय ते न कळून. आता ते वाक्य आठवलं की हसू ओठापर्यंत यायचं आणि तिथेच अडायचं. गमतीत म्हणायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण गंमत तरी माणूस कशाची करतो?

आणि मग ती वटपौर्णिमा होती. त्यांच्या सोसायटीत वड नाही. बायका पार्किंगमध्ये रंगाचा रिकामा डबा ठेवतात, त्यात वाळू भरतात, फांदी रोवतात आणि तिलाच सूत गुंडाळतात. मालिनी काही सोवळ्यातली नव्हती, उपास तर तिला चालणारच नव्हता, पण दरवर्षी खाली जायची, कारण तिथे बायका भेटायच्या आणि गप्पा व्हायच्या. शेवटच्या वर्षी तिचे पाय सुजले होते. तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून श्यामकांत वर आले. तिला दिवसभरात किती पाणी चालेल ते डॉक्टरांनी बांधून दिलं होतं, आणि ते मोजायचं काम त्यांचं होतं. चहा त्यातच, औषधाबरोबरचा घोट त्यातच, वरणातलं पाणीसुद्धा त्यातच. स्टीलचं एक मापाचं भांडं त्यांनी त्यासाठी आणलं होतं. उन्हाळ्यात ती त्यांच्याकडे नुसती बघत राहायची, मागायची नाही. कधी बर्फाचा एक खडा द्यायचे, तोही हिशेबात धरून. त्या दिवशी थोड्या वेळाने काय वाटलं कोण जाणे, ते पुन्हा खाली गेले, आणि बघतात तर तिच्या हातात कोकम सरबताचा ग्लास. निम्मा झालेला. त्यांनी तो काढून घेतला. सगळ्या बायकांसमोर. आवाज चढवला नाही, फक्त ग्लास घेतला आणि म्हणाले, आजचं पाणी झालंय तुझं. मालिनीने ओठ पुसले. तिसऱ्या मजल्यावरची राजसी पटकन म्हणाली, माझीच चूक काका, मीच दिला. मग ते वर निघून गेले.

मालिनी त्या दिवशी फांदीभोवती फिरली नाही. हे त्यांना तेव्हा कळलं नाही. नंतर, ती गेल्यावर भेटायला आलेल्या राजसीने डोळे पुसत पुसत सांगितलं. काकूंना मी म्हटलं, तुम्ही बसा, तुमच्या नावाने मी फेऱ्या घालते. तर काकू म्हणाल्या, राहू दे. मी म्हटलं, अहो सात जन्मांचं आहे. तर हसल्या आणि म्हणाल्या, राहू दे गं, बसू दे मला. राजसीला वाटलं, काकू दमल्या होत्या. तिने ते आठवण म्हणून सांगितलं, आणि श्यामकांतांनी मान हलवली. पाय सुजले होते हे खरं होतं. दमली होती हेही खरं. पण दुसरी बाई तिच्यासाठी फिरायला तयार होती, आणि ती नको म्हणाली. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. प्राचीला तर नाहीच. रात्री झोप न लागणाऱ्यांपैकी ते नव्हते; त्यांना झोप लागायची. पण सकाळी दात घासताना, रिक्षाची वाट बघताना, सेंटरवर खिडकीजवळच्या तिच्या खाटेवर दुसरंच कोणीतरी झोपलेलं दिसलं की मनात यायचं, राहू दे. आणखी एक गोष्ट होती, ती त्याहून अवघड. तोच दिवस पुन्हा आला असता तर त्यांनी ग्लास पुन्हा काढून घेतला असता. तिथे त्यांना पश्चात्ताप नव्हता. त्याआधी एकदा जास्त पाणी झालं होतं तेव्हा ती श्वासासाठी कशी तडफडली होती ते त्यांनी पाहिलं होतं, बायकांनी नव्हतं. चूक केली असती तर मनातल्या मनात माफी मागून मोकळं होता आलं असतं. इथे माफी मागायला जागाच नव्हती.

शनिवारी ते शिरगावला निघाले. फोन मध्येच बंद करता येतो, समोर बसलेल्या माणसाला बंद करता येत नाही, म्हणून समक्षच जायचं असं त्यांनी ठरवलं. रिक्षा रस्त्याला लागली तेवढ्यात मुकेशचाच फोन आला. "साईं, परवा लाइन कट गई. तुम्ही 'समजा' म्हणालात आणि गेलात. मी दोन दिवस विचार करतोय, काय समजू?" श्यामकांतांना हसू आलं. त्या हसण्याच्या भरात, किंवा रिक्षाच्या आवाजाच्या आडोशाला, त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. पुन्हा निवड करायची झाली, इथपर्यंत ते आले, आणि मुकेशने वाक्य संपूच दिलं नाही. हां हां, बिलकुल, हजार दफा, आँख बंद करके घ्या, दिपेश घरचा माणूस आहे. मग त्याने तब्येत विचारली आणि फोन ठेवला. श्यामकांत फोन हातात धरून बसले. एवढंच होतं? ज्याला घाबरून त्यांनी फोन बंद केला होता, त्याचं उत्तर इतकं हलकं, इतकं बिनकामाचं? टाइम ऑफिसवाल्याने पेणच्या काकांना असंच सांगितलं असणार. एका हाताने रजिस्टर पुढे सरकवत.

वसतिगृह शिरगावातल्या नव्या इमारतींच्या मागे होतं. बारवी धरणाकडच्या पाड्यांवरच्या मुली तिथे राहून शिकत. चालवणाऱ्या कुंदाबाई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, उंच, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या. त्यांनी श्यामकांतांना बसायला सांगितलं आणि फोन नव्हता का, असं पहिलंच विचारलं. होता, ते म्हणाले. मग एवढ्या उन्हात कशाला आलात? फोनवर विचारता आलं नसतं, ते म्हणाले. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. नापास मुलाचा बाप समोर बसल्यावर त्या असंच बघत असतील. आतून मुलींचा कपडे धुण्याचा आणि भांडण्याचा आवाज येत होता. श्यामकांतांनी आधी शोभेचे प्रश्न विचारले. बाईंनी उत्तरं दिली, तुटक आणि पूर्ण. मग ते थांबले. खिडकीच्या गजांना निळे स्कर्ट वाळत घातले होते, त्यांच्याकडे बघत त्यांनी विचारलं. पुन्हा नव्याने निवड करायची झाली, तर यांनाच घ्याल का?

आतलं भांडण थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"नाही," कुंदाबाई म्हणाल्या.

श्यामकांतांनी स्कर्टवरची नजर काढून बाईंकडे बघितलं. त्यांच्या मनात वरवर उन्मेषच्या कामाची काळजी होती, दुपारच्या पाळीची होती, आणि तिच्याखाली दुसरं काहीतरी होतं. बाईंनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास झाकला आणि सांगायला लागल्या. त्यांचा धाकटा भाऊ राजेश वसतिगृहाचा खजिनदार होता. गावात त्याचं किराणा दुकान आहे. वसतिगृहाचा तांदूळ, डाळ तिथूनच यायचं. चांगलं यायचं, बाजारभावापेक्षा जास्त कधी लावला नाही, अडीअडचणीला उधार ठेवलं. दिपेश मखिजा पहिल्याच वर्षी आला, कागद चाळले आणि म्हणाला, बाई, खजिनदाराच्याच दुकानातून माल घेता, हे मला लिहावं लागेल. बाईंनी त्याला समजावलं, रागावल्या, लहान आहेस तू, असंही म्हणाल्या. तो ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला, चोरी आहे असं लिहीत नाही, पण आहे ते लिहितो. आणि लिहिलं. सभेत वाचलं गेलं. राजेश उठून गेला, त्याने राजीनामा पाठवला, आणि त्यानंतर भाऊबीजेला तो आला नाही. बाई ताट लावून बसल्या होत्या. "मला कोणी आधी सांगितलं असतं की हा माणूस घेतला की असं होणार," त्या म्हणाल्या, "तर मी त्याला दारात उभा केला नसता. तुम्ही खरं विचारलंत, मी खरं सांगितलं."

"मग बदललं का नाही त्यांना?"

"बदलू कशाला?" बाई एकदम चिडल्या. "काम चोख आहे त्याचं. मुलींच्या तोंडचं कोणी खाल्लं असं ह्या संस्थेबद्दल आता कोणी म्हणू शकत नाही. मागच्या वर्षी कामं फार झाली, सोडतो म्हणत होता. मी म्हटलं, सोडून बघ." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "अहो, पुन्हा घ्याल का म्हणजे काय? पुन्हा मिळतं का कोणाला काही? एकदा जे झालं ते झालं, त्यात आपण आहोत."

श्यामकांतांना निघायला हवं होतं. काम झालं होतं. पण ते उठले नाहीत, आणि त्यांच्या तोंडून निघालं की माझी बायको गेली मागच्या वर्षी. कशासाठी सांगितलं ते त्यांनाही कळलं नाही. बाई 'सुटल्या' म्हणाल्या नाहीत. काय होतं, विचारलं. त्यांनी सांगितलं. पाणी मोजून द्यायचो, हेही सांगितलं.

"चिडायच्या?" बाईंनी विचारलं.

वर्षभरात हे कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी विचारलं होतं, त्रास झाला का, शुद्ध होती का, शेवटी काय बोलल्या. श्यामकांतांनी आठवून पाहिलं आणि म्हणाले, फार. एकदा ते मापाचं भांडंच फेकून मारलं होतं मला. इथे लागलं, कानाच्या वर. मग दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी सेंटरवर जाताना रिक्षात म्हणाली, डोकं कठीण आहे तुमचं, भांड्याला पोचा आलाय. कुंदाबाई हसल्या, मोठ्याने, शाळेच्या बाईंनी हसू नये तशा. श्यामकांतही हसले. हसता हसता त्यांचा चष्मा ओला झाला आणि तो पुसायला रुमाल सापडेना. बाईंनी दुसरीकडे बघितलं आणि आतल्या मुलींना ओरडल्या की पाणी बंद करा, टाकी रिकामी कराल.

बाहेर आल्यावर त्यांनी उन्मेषला फोन लावला. दोन्हीकडे विचारलं, असं सांगितलं. धर्मशाळेचा मुकेश हो म्हणतो आणि वसतिगृहाच्या बाई नाही म्हणतात.

"मग काय करायचं काका? दुसरी फर्म बघू?"

"नको. हाच घेऊ."

"बाई नाही म्हणतायत ना पण?"

"हो. मीटिंगमध्ये तसंच सांगू, लपवायचं नाही. का नाही म्हणतात तेही सांगेन. ते ऐकलं की तूही घे म्हणशील." उन्मेष म्हणाला, तुम्ही म्हणता तर घेऊ. त्याने विचारलं, उन्हात कुठे उभे आहात, रिक्षा मिळाली का? बघतो, श्यामकांत म्हणाले.

रस्त्याच्या कडेला एका अर्धवट बांधलेल्या इमारतीची सावली पडली होती. तिथे ते उभे राहिले. रिक्षा दोन गेल्या, त्यांनी हात केला नाही. मालिनी, ते मनात म्हणाले, आणि या वेळी वाक्य पूर्ण केलं. पुन्हा निवड करायची झाली असती, तर मला घेतलं असतंस का? विचारून झालं. छातीत काही फुटलं नाही. वर कोणीतरी लोखंडी सळया टाकत होतं, त्याचा आवाज येत होता. तिचं उत्तर नाही असंच आलं असतं, हे त्यांना आता स्पष्ट दिसलं. निदान त्या उन्हाळ्यात तरी. पार्किंगमध्ये, खुर्चीवर, ओठ पुसल्यावर, त्यांनी तिथेच उभं राहून विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. पण ती तेवढंच म्हणून थांबली नसती. ती कधीच तेवढ्यावर थांबायची नाही. नाही म्हणून पुढे काहीतरी बोललीच असती, लागेल असं, हसू येईल असं, आणि त्यानंतर मला वर घेऊन चला असं. होकाराची त्यांना आता गरज वाटत नव्हती. ती नाही म्हणाली असती आणि नंतर जे काही बोलली असती, तेवढं ऐकायला मिळायला हवं होतं.